तायडे सरांचं ताट

तायडे सरांना अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरीही पाच वर्षांत त्यांनी आमच्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. अंगात तपकिरी सूट, गळ्यात दुर्बीण आणि पायात कुठल्याशा खेळाडूने दिलेले, दोन नंबर मोठे असलेले पांढरे बूट. सामना सुरू झाला की सगळं स्टेडियम चेंडूकडे बघायचं आणि सर दुर्बीण लावून मैदानाच्या कडेच्या बाकाकडे बघायचे. म्हणजे जिथे न खेळणारे खेळाडू बसतात तिथे. आपल्या टीमने बाजी मारली, लोक उड्या मारून किंचाळले, कोणाचा तरी कोक सरांच्या कोटावर सांडला, तरी दुर्बीण तसूभर हलत नसे. मध्येच खिशातून चिठ्ठी काढून ते काही आकडे लिहीत. आजूबाजूच्यांना वाटे, म्हातारा सट्टा लावतोय.

"सर, खेळ तिकडे चाललाय," मी एकदा म्हटलं.

"खेळणाऱ्याइकडे पाहायला सारं गाव बसलं आहे, ताई," सर दुर्बीण न काढता म्हणाले. "मी एक नाही पाहिलं तर काय बिघडते?"

त्या बाकाकडे ते का बघत, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच आजही हे लिहिताना माझं डोकं तापतंय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. टेक्सासमधलं, डॅलसपासून गाडीने तीन तासांवरचं ते गाव. माझे यजमान तिथे इंजिनियरिंग शिकवायचे आणि मी रजिस्ट्रारच्या ऑफिसात कामाला लागले होते. सगळ्या पोरांचे मार्क, कोणी कुठला विषय घेतला, कोण पास, कोण नापास, सगळं माझ्या हाताखालून जायचं. पुण्याच्या शाळेत शिकलेली मी, पहिल्याच महिन्यात एका फुटबॉलपटूची मार्कांची शीट बघून खुर्चीत ताठ बसले. चालणे, ए. बोलिंग, ए. कॅम्पिंग, बी. आणि 'फुटबॉलची मूलतत्त्वे', अर्थातच ए, कारण हा विषय शिकवायला टीमचे कोचच होते. तीन वर्षं कॉलेजात काढलेला धडधाकट, हुशार मुलगा, आणि सरकारी शिक्क्यानिशी त्याला येतं काय, तर चालता येतं!

यातली बहुतेक पोरं काळी. लुइझियाना, मिसिसिपी, पूर्व टेक्सासमधल्या लहान लहान गावांतून उचलून आणलेली. घरच्यांना सांगितलेलं, तुमचा मुलगा शिकेल, पदवी घेईल. आणि इथे त्यांच्यासाठी अॅथलेटिक डिपार्टमेंटचा एक सल्लागार नेमलेला, ज्याचं काम एवढंच की पोरगा शनिवारी खेळायला पात्र राहिला पाहिजे. पदवी मिळते की नाही, ते बघणं कोणाच्याच कामात नव्हतं. चार वर्षं संपली की पोरगा गुडघे आणि बोलिंगचं सर्टिफिकेट घेऊन परत.

या सगळ्या व्यवस्थेत गणिताचे प्राध्यापक डॉ. तायडे हा एकच खडा होता.

सर मूळचे बुलढाण्याकडचे. उंची पाच फूट दोन इंच. लग्न केलेलं नव्हतं. "राहून गेलं," एवढंच सांगायचे, जसं काही दळण आणायचं राहून गेलं. पदवीसाठी गणिताचा एक पेपर सगळ्यांनाच सक्तीचा होता. बाकीचे प्राध्यापक खेळाडू वर्गात आला की पहिल्या दिवशीच मनातल्या मनात सी देऊन मोकळे होत. सर त्यांना पहिल्या बाकावर बसवत.

त्यांचा एकच मंत्र: "स्टेप दाखव." उत्तर बरोबर असलं तरी स्टेप दाखव. चुकलं असलं तरी स्टेप दाखव. डीनला, प्लंबरला, महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदाराला, सगळ्यांना तेच. डॉक्टरने त्यांना ब्लड प्रेशरची गोळी लिहून दिली तेव्हा त्यालाही म्हणाले, "शो मी द स्टेप." पोरं त्यांना डॉक स्टेप म्हणत.

आणि त्यांचं ते ताट! स्टीलचं, जाड काठाचं, एका बाजूने पोचे आलेलं ताट. त्यावर आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांचं नाव: गं. ल. मोरे. रोज सकाळी सहाला सर हे ताट आणि आमटीचा डाव घेऊन खेळाडूंच्या वसतिगृहात शिरत आणि एकेका खोलीपुढे उभे राहून ते बडवत. कारण आठच्या वर्गाचं दार ते आठला लावून घेत, मग बाहेर राष्ट्राध्यक्ष उभा असला तरी उघडत नसत. दार उघडून साडेसहा फुटी, सव्वाशे किलोचा पोरगा डोळे चोळत बाहेर आला की सर मान वर करून विचारत, "काय करून राहिला बे?" पुढे पुढे ती पोरं एकमेकांना 'बे' म्हणायला लागली. टेक्सासच्या मैदानावर, हेल्मेटं घालून, एकमेकांवर आदळायच्या आधी 'कम ऑन, बे' म्हणणारी ती पोरं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत.

"हे मोरे कोण?" मी एकदा विचारलं.

"आमच्या बोर्डिंगचे सर. हेच ताट वाजवून उठवायचे आम्हाला. अमेरिकेला निघालो तेव्हा दिलं. म्हणे, तिकडं तुला कोण उठवणार?"

रविवारी सरांकडे पंगत असे. पिठलं, पोळ्या, मिरचीचा ठेचा. एक एक पोरगा चौदा चौदा पोळ्या खायचा आणि प्रत्येक पोळीमागे एक समीकरण सोडवायचा. मी दोनदा लाटायला गेले आणि दोन्ही वेळा खांदे धरून घरी आले.

त्या पंगतीतच डॅरिल मला भेटला. लुइझियानाचा, एकोणीस वर्षांचा. त्याची आई गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. डॅरिल कमी बोलायचा, पण बोलला की नेम धरून. सर तावातावाने फळ्यावर काहीतरी सिद्ध करत होते, तेव्हा हा पोळीचा घास घेत म्हणाला, "डॉक, तिसऱ्या ओळीतली स्टेप कुठंय?" तिसऱ्या ओळीत खरंच स्टेप गाळलेली होती. सरांनी खडू खाली ठेवला आणि भर पंगतीत त्या पोराला मिठी मारली. म्हणजे त्याच्या बरगड्यांपर्यंत जेवढी पोचली तेवढी मारली.

त्या दिवसापासून डॅरिल इंजिनियर होणार हे सरांनी ठरवून टाकलं. डॅरिलला विचारलं की नाही, कोण जाणे. पुढच्या तीन वर्षांचं त्याचं वेळापत्रक सरांनी ग्राफ पेपरवर आखलं होतं.

त्याच सुमाराची गोष्ट. डॅलसच्या मंडळाचा गणपती. सर तिथे डॅरिलच्या गणिताचं कौतुक सांगत होते. एक काका, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले, ताटात जिलबी वाढून घेत म्हणाले, "अहो, यांना खेळायलाच आणलेलं असतं. यांच्या रक्तातच नाही ते अभ्यास वगैरे. तुम्ही उगाच टाइम वेस्ट करताय."

सर म्हणाले, "माझ्याबद्दल पण आमच्या गावचे मास्तर हेच म्हणायचे. रक्तात नाही म्हणायचे. वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे मला, पोत्यावर. हेच शब्द. तुम्ही अमेरिकेत येऊन नवीन शब्द तरी शोधायला पाहिजे होते."

जिलबीवाल्या काकांना एकदम पार्किंगमधली गाडी हलवायची आठवण झाली. बाकीच्यांनी हवापाण्याचा विषय काढला. मीही काढला. इतकी वर्षं सरांचं आडनाव ऐकून मंडळात कोणी त्यांना घरी का बोलावत नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि मीही रविवारी त्यांच्याकडे पोळ्या लाटायला जात होते पण त्यांना माझ्याकडे जेवायला बोलावलं नव्हतं, हेही कळलं. पुढच्याच आठवड्यात बोलावलं. सरांनी येताना आठ खेळाडू आणले.

आता मूळ गोष्ट सांगते.

आमच्याकडे मार्क बदलायचा एक फॉर्म असे, गुलाबी रंगाचा. एकदा दिलेला ग्रेड प्राध्यापकाला बदलायचा असेल तर त्याने हा फॉर्म भरायचा, कारण लिहायचं, सही करायची. परीक्षा संपली की अॅथलेटिक डिपार्टमेंटचा सल्लागार गुलाबी फॉर्मचा गठ्ठा घेऊन प्राध्यापकांच्या दारोदार फिरे. नापास झालेल्या खेळाडूंची नावं त्यावर आधीच टाइप केलेली असत. प्राध्यापकाने फक्त सही ठोकायची. बहुतेक ठोकत. तायडे सर त्याला दारातच विचारत, "स्टेप दाखव," आणि गठ्ठा त्याच्या हातात परत देत. वर्षातून दोनदा हा तमाशा होई आणि आम्ही ऑफिसातल्या बायका कॉफी घेऊन तो बघायला जात असू.

त्या वसंतात सरावात डॅरिलचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, पाच आठवडे वर्ग बुडाले. कुबड्या घेऊन तो परीक्षेला बसला आणि साठला पास असताना अठ्ठावन्न मिळाले. सरांनी त्याला एफ दिला, म्हणजे नापास.

"दोन मार्क दिले असते तर काय झालं असतं?" मी विचारलं.

"त्याचा अपमान झाला असता. सारे त्याले फुकट देतात, मी पण देऊ?" सर म्हणाले. "मी इंटरला दोनदा नापास झालो, ताई. मोरे सरांनी निकालाच्या दिवशी शेजारी बसवून जेवू घातलं आणि म्हणाले, उद्यापासून पुन्हा. नापास होणं म्हणजे काय, पुन्हा बसणं. समरच्या सत्रात हाच विषय पुन्हा घेईल तो, मी शिकवीन, नव्वद पाडेल."

डॅरिलही चिडला नव्हता. पेपर उलटसुलट बघून म्हणाला होता, "डॉक, आजवर मला प्रत्येकाने हजर राहायचे मार्क दिले. हे पहिले खरे आहेत."

आणि यंदा डॅरिलसाठी गुलाबी फॉर्म घेऊन कोणी आलंच नाही. सरांची छाती दोन इंच फुगली. "पाहा, समजलं त्यांना! शेवटी समजलं!" त्यांनी डिपार्टमेंटमध्ये बेसनाचे लाडू वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

मला माहीत होतं. ज्या पोराची टीमला गरज संपली, त्याच्यासाठी कोणी गुलाबी फॉर्म आणत नाही. खेळाडूंची स्कॉलरशिप चार वर्षांची असते असं सगळ्यांना वाटे, पण ती एकेका वर्षाची असे. दर उन्हाळ्यात कोचच्या मर्जीने पुढे चालू व्हायची, नाहीतर तिथेच खलास. गुडघा गेलेल्या पोराला काढायला कोचला कारण हवं होतं, आणि आमच्या तत्त्वनिष्ठ सरांनी ते सहीनिशी दिलं होतं. चार दिवसांनी त्या पत्राची प्रत माझ्या टेबलावर आली: शैक्षणिक कारणास्तव स्कॉलरशिप बंद. मी ती वाचली. नियमाप्रमाणे डॅरिलचं समरचं नाव काढलं, कागद फाइलला लावला आणि घरी जाऊन कुकर लावला. नोकरी टिकवायची होती, सरांना कळलंच असेल, ही आपली भानगड नाही, अशी तीन-चार कारणं माझ्याजवळ होती. त्यातलं एकही आज मला पाठ म्हणून दाखवता येत नाही, इतकी लाज वाटते.

समर सुरू झाला त्या सकाळी सहाला सर ताट घेऊन वसतिगृहात गेले. डॅरिलच्या खोलीपुढे उभे राहून बडवलं. दार उघडलं, तर आत नवीनच पोरगा. अठरा वर्षांचा, धट्टाकट्टा, दोन्ही गुडघे शाबूत. म्हणाला, "डॅरिल? तो तर मागच्या आठवड्यात बसने घरी गेला, सर. मला ही खोली मिळाली."

सर तसेच ताट घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी फाइल काढून दिली. पत्रावरची तारीख त्यांनी वाचली, मग खाली माझी आद्याक्षरं वाचली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चला," एवढंच म्हणाले. मी फाइल घेऊन मागोमाग कोचच्या ऑफिसात गेले. सर टेबलावर ताट आपटून ओरडले, "काहून काढलं त्याले? स्टेप दाखव!" मराठीतच. मग इंग्रजीत.

कोच अतिशय सभ्य माणूस. मला खुर्ची दिली, सरांना पाणी दिलं आणि म्हणाला, "डॉक, एफ तुम्ही दिलात. मी फक्त पत्र पाठवलं."

आयुष्यभर जगाकडे स्टेप मागणाऱ्या माणसाला कोणीतरी स्टेप दाखवली होती, आणि त्यात एकही चूक नव्हती. त्या सभ्य माणसाच्या तोंडावर पाण्याचा ग्लास फेकावासा मला वाटला. फेकला नाही. हेही माझ्या न केलेल्या गोष्टींच्या यादीत आहे.

त्या सप्टेंबरात सरांनी दुर्बीण विकत घेतली. आता कळलं असेल ते बाकाकडे का बघत. कोण लंगडतोय, कोणाला तीन शनिवार खेळवलेलं नाही, त्याच्या पाठीवरचा नंबर सर चिठ्ठीवर लिहून घेत आणि सोमवारी पहाटे त्याच्या दारात ताट वाजे. पत्र यायच्या आधी सर पोचले पाहिजेत. त्याला खरे विषय घ्यायला लावायचे, दुसरी मदत शोधायची, अर्ज भरायचे. आणि मी? पत्राची प्रत माझ्या टेबलावर आली की त्याच मिनिटाला फोन उचलू लागले. बॉसने दोनदा समज दिली. मी दोनदा सॉरी म्हटलं आणि तिसऱ्यांदा फोन उचलला. त्यातली काही पोरं वाचली, काही नाही.

पण रविवारची पंगत बंद झाली. सर रविवारी घरी सापडतीलच याचा नेम नसे. विचारलं तर म्हणत, "काम असते थोडं."

दोन वर्षांनी मेच्या एका दुपारी सर माझ्या काउंटरशी आले आणि त्यांनी पुढे कागद सरकवला. गुलाबी फॉर्म! मी आधी सरांकडे बघितलं, मग कागदाकडे. विद्यार्थ्याचं नाव: डॅरिल. आधीचा ग्रेड: एफ. नवा ग्रेड: ए. इतक्या उशिरा बदलायला डीनची सही लागते, तीही होती. ती मिळवायला सर नऊ दिवस डीनच्या दारात बसले होते, हे मला मागाहून त्याच्या सेक्रेटरीने सांगितलं.

आणि 'कारण' या चौकटीत, सरांच्या त्या किरट्या अक्षरात, दोन शब्द: शिक्षकाची चूक.

"त्याच्या घराजवळच्या कॉलेजात घेतात त्याले, इंजिनियरिंगला," सर म्हणाले. "हा एफ आडवा येऊन राहिला."

मी आपलं म्हटलं, "सर, स्टेप?"

सरांनी खांद्यावरची झोळी काउंटरवर उपडी केली. वह्याच वह्या. तेलाचे डाग पडलेल्या, पिठाचे हात लागलेल्या. दर दुसऱ्या रविवारी सहा तास गाडी हाकत सर लुइझियानाला जात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा डॅरिलची आई दारात उभी राहिली. म्हणाली, "तो नापास करणारा तूच का?" सरांनी हो म्हटलं. तिने दार लावून घेतलं. पुढच्या खेपेला ओट्यावर खुर्ची टाकली, पण आत घेतलं नाही. चौथ्या खेपेला स्वयंपाकघरात.

"बरोबरच होतं तिचं," सर म्हणाले. "दाराबाहेर बसून शिकायची सवय होती मला, ताई. शिकवायची नव्हती." आणि हसले.

सर्वांत वर परीक्षेचा पेपर होता. शंभरपैकी साडेनव्व्याण्णव. शेवटच्या पानावर डॅरिलच्या अक्षरात लिहिलेलं, "डॉक, हा अर्धा मार्क कापता येत नाही. मी तपासलंय. स्टेप दाखवा."

मी शिक्का मारला. इतक्या जोरात मारला की पलीकडची बाई दचकली. वह्या गोळा करून झोळीत भरताना माझ्या लक्षात आलं.

"सर, ताट?"

"त्याले दिलं. तिकडं एकटा राहील, कोण उठवणार? नाव घालून घ्यायचं होतं त्याचं मोरे सरांच्या नावाखाली. इथं कोणी घालून देत नाही." मग म्हणाले, "आता सकाळी केकचा डबा वाजवतो. अॅल्युमिनियमचा आहे. आवाज नाही येत हो त्याले. पोरं उठतच नाहीत."

कपाटाच्या वरच्या फळीवर, कधी न वापरलेलं, माझ्या लग्नातलं एक ताट होतं. जड, कोरं, काठावर ठिपक्यांनी घातलेलं: 'चि. सौ. कां. सुनंदास, मामांकडून.' दुसऱ्या दिवशी मी ते सरांच्या ऑफिसात नेऊन ठेवलं. सरांनी चष्मा वर करून नाव वाचलं. बोटाने काठ वाजवून बघितला.

"पोचे येतील, ताई. लग्नाचं आहे."

"येऊ देत," मी म्हटलं. "तेव्हा मी गप्प बसले, सर. निदान माझं ताट तरी वाजू दे."